गाडीतला फोन, शेजाऱ्याचे कान

वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं. या अंकात फक्त प्रवासातल्या फोनचा विषय घेतला आहे. पत्रं खानापूरपासून निपाणीपर्यंतची आहेत. काहींना दुसऱ्याच्या आवाजाचा त्रास होतो आणि एकाला स्वतःच्या आवाजाचा, हे वाचून बरं वाटलं.

प्रश्न : मी रोज निपाणी–बेळगाव गाडीनं जाते-येते. शेजारचा माणूस चढल्यापासून उतरेपर्यंत फोनवर मोठमोठ्यानं बोलत असतो. सांगायला गेलं तर भांडण होईल असं वाटतं. त्यातून तो कन्नड बोलणारा असला तर 'मराठी आहे म्हणून टोकते' असा अर्थ निघेल याची धास्ती. कसं सांगावं? (एक शिक्षिका, निपाणी)

सांगा, पण पहिल्या पाच मिनिटांत सांगा. संकेश्वरपर्यंत दात-ओठ खात बसायचं आणि यमकनमर्डीला तोंड उघडायचं, असं केलं की साठलेला सगळा राग सुरात उतरतो. समोरच्याला त्या रागाचा पत्ताच नसतो. त्याला वाटतं, ही बाई एकदम अंगावरच आली.

तो बोलत असताना मध्ये पडू नका. पलीकडच्याचं ऐकत 'हां, हां' करत थांबला की नजर मिळवा आणि तळहात जमिनीकडे करून हलकेच खाली आणा. बरीच माणसं एवढ्यावरच आवाज उतरवतात, कारण आपण किती मोठ्यानं बोलतोय हे त्यांना खरोखरच कळलेलं नसतं. ते का, हे पुढच्या उत्तरात येईल. ओठांवर बोट ठेवायची खूण मात्र करू नका. ती वर्गातल्या पोरांसाठी ठीक आहे, मोठ्या माणसाला ती लागते.

खुणेनं भागलं नाही तर बोला. आधी नातं जोडा, मग विनंती करा, मग लहानसं खरं कारण द्या. 'मामा, जरा हळू बोला की, डोकं ठणकतंय.' 'अक्का, जरा बारीक आवाजात बोला, लेकरू आत्ताच झोपलंय.' कारण दिलं की समोरच्याला मान खाली न घालता ऐकता येतं. 'तुम्हाला काही रीतभात आहे का?', 'अख्ख्या गाडीला ऐकवताय का?' ही वाक्यं कितीही खरी असली तरी त्यांना उत्तर ठरलेलं आहे : 'गाडी काय तुमच्या घरची आहे?' तिथून पुढं फोन बाजूला राहतो आणि भांडण सुरू होतं.

भाषेचं म्हणाल तर तो फोनवर ज्या भाषेत बोलतोय त्याच भाषेत सांगावं. कन्नड असेल तर 'अण्णा, स्वल्प मेल्लग माताड्री' पुरतं. बाई असेल तर 'अक्का'. मोबाइलवर व्हिडिओ लावलेला असेल तर 'साऊंड स्वल्प कम्मी माड्री'. उच्चार मोडका झाला तर होऊ द्या. मोडक्या कन्नडात विनंती करणाऱ्यावर सहसा कुणी खेकसत नाही. तिसऱ्या भाषेचा आडोसा घेण्याची गरज नाही. हिंदीतून सांगितलं की गावाकडच्या वयस्क माणसाला ते सरकारी सूचनेसारखं वाटतं.

एक पथ्य मात्र काटेकोर पाळा. वाक्यात फक्त आवाज असू दे. भाषा, गाव, 'तुमच्याकडची माणसं' यातलं काही येऊ देऊ नका. समोरच्यानं तो विषय काढला तरी 'तसं नाही ओ, डोकं दुखतंय म्हणून म्हटलं' एवढं बोलून थांबा. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ एका बसमध्ये भाषेवरून झालेल्या वादानं काय झालं ते या भागात सगळ्यांनी पाहिलं. कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन्ही राज्यांना आंतरराज्य गाड्या काही दिवस थांबवाव्या लागल्या. ज्यांचा त्या वादाशी काडीचा संबंध नव्हता ती माणसं स्टँडवर अडकून पडली. याच कारणासाठी मोठ्यानं बोलणाऱ्याचा गुपचूप व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नका. दहा सेकंदांच्या तुकड्यात आवाजाची तक्रार दिसत नाही. बघणाऱ्याला दोन भाषांची माणसं भांडताना तेवढी दिसतात.

एकदा सांगून फरक पडला नाही तर दुसऱ्यांदा स्वतः सांगू नका. जागा असेल तर उठून दुसरीकडे बसा, नसेल तर कंडक्टरला सांगा. तो तिकिटं काढत गर्दीतून सरकत असताना नको. त्याचा हिशेब पूर्ण होऊन तो जागेवर टेकला की सांगा. त्याआधी सांगितलेली तक्रार तो ऐकतो आणि विसरतो, यात त्याचाही दोष नाही.

प्रश्न : घरचे म्हणतात मी फोनवर ओरडतो. मला तसं अजिबात वाटत नाही. बसमध्ये तर मोठ्यानं बोलल्याशिवाय पलीकडे ऐकूच जात नाही. खरं काय? (हुक्केरी)

घरच्यांचं खरं आहे, पण दोष तुमच्या स्वभावाचा नाही. आजूबाजूला गोंगाट वाढला की माणसाचा आवाज आपोआप चढतो. एत्येन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नोंदवलं, म्हणून त्याला लोम्बार परिणाम म्हणतात. ठरवून केलेली ही गोष्ट नव्हे. जात्यावर, गिरणीत, लग्नाच्या मांडवात आपण असेच बोलतो आणि आपल्याला पत्ता नसतो.

फोनवर यात आणखी एक भर पडते. जुन्या लँडलाइनच्या रिसीव्हरमध्ये आपलाच आवाज थोडासा आपल्या कानात परत येत असे. त्यामुळे किती मोठ्यानं बोलतोय याचा अंदाज राहायचा. मोबाइलमध्ये तो परत येणारा आवाज अगदी कमी असतो. वर गाडीची घरघर. म्हणजे तुम्हाला पलीकडचं नीट ऐकू येत नाही, आणि मन हिशेब लावतं की पलीकडच्यालाही माझं ऐकू जात नसणार. हा हिशेब चुकीचा आहे. तुमच्या तोंडापासून फोनचा माइक चार बोटांवर असतो. समोर बसलेल्या माणसाला तुमचा नेहमीचा आवाज ऐकू जातो, तर माइकला कसा जाणार नाही?

तेव्हा इलाज तोंडावर करायचा नाही, कानावर करायचा. ऐकू नीट आलं की आवाज आपोआप उतरतो.

कॉल चालू असतानाच आवाज वाढवायचं बटण दाबा. कॉलचा आवाज आणि रिंगचा आवाज वेगवेगळा असतो. घरी शांततेत कधीतरी कमी केलेला कॉलचा आवाज बसमध्ये तसाच राहिलेला असतो. मग मोकळा कान बोटानं बंद करा. कानाच्या तोंडाशी जी छोटी लवचीक पाकळी असते ती आत दाबली की झालं, बोट कानात घालायची गरज नाही. गाडीचा आवाज तर कमी होतोच, शिवाय स्वतःचा आवाज डोक्यात घुमायला लागतो आणि जीभ आपसूक सांभाळून चालते. पैसे न लागणारा इतका गुणकारी इलाज दुसरा नाही.

त्यानंतर फोन तपासा. कानाजवळच्या जाळीत धूळ, घाम आणि कानातला मळ बसून ती अर्धी बुजलेली असते. उसाच्या हंगामात आणि कच्च्या रस्त्याच्या गावांत तर जास्तच. फोन उपडा धरून कोरड्या, मऊ टूथब्रशनं जाळी हलकेच झाडा. उपडा अशासाठी की सुटलेला मळ खाली पडावा, परत आत जाऊ नये. टाचणी, पिन, पाणी काही नको. जाळी फाटली की स्पीकर बदलण्यावाचून गत्यंतर नाही. पुष्कळदा काचेचं कव्हर केसभर वर चिकटवलेलं असतं आणि तेच जाळी झाकतं. तसं असेल तर काढून नीट लावून घ्या.

माइक खाली, चार्जिंगच्या खाचेशेजारी असतो. फोन मुठीत धरताना करंगळी नेमकी त्यावर येते. बहुतेक फोनना वरच्या कडेला किंवा मागे आणखी एक माइक असतो. आजूबाजूचा गोंगाट ओळखून तो वजा करायचं काम त्याच्या मदतीनं होतं. जाड कव्हरनं त्याचं भोक झाकलं की गोंगाट तसाच पलीकडे जातो, पलीकडचा 'काय? काय?' करतो आणि तुम्ही आणखी ओरडता.

सगळ्यात वाईट म्हणजे फोन भाकरीसारखा आडवा तोंडासमोर धरून, स्पीकर चालू करून बोलणं. स्पीकरवर असताना फोनचा माइक दूरचं पकडायला बघतो, म्हणून इंजिन, हॉर्न, शेजारचं रडणारं पोर सगळं पलीकडे जातं. शिवाय स्पीकरमधला आवाज परत माइकमध्ये शिरू नये म्हणून फोन पुष्कळदा एका वेळी एकाच बाजूचा आवाज जाऊ देतो. दोघं एकदम बोलले की दोघांचेही शब्द कापले जातात. मग 'हॅलो हॅलो' सुरू.

इयरफोन असतील तर उत्तम, पण दोन्ही कानांत बोंडं घालून आवाज पूर्ण चढवला तर स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि पुन्हा ओरडणं आलंच. कळण्यापुरता आवाज ठेवा.

बसण्याचीही गोष्ट आहे. आवाज तोंडासमोर जास्त जातो, त्यामुळे पुढच्या सीटवरच्या माणसाच्या कानावर तुमचं सगळं बोलणं आदळतं. हनुवटी खाली, तोंड किंचित खिडकीकडे, मोकळ्या हाताचा आडोसा माइकच्या बाहेरून, माइकवर नव्हे. इंजिन पुढं असलेल्या साध्या गाडीत पहिल्या दोन-तीन रांगांत घरघर जास्त. महत्त्वाचा फोन येणार असेल तर मधली जागा धरा.

इतकं करूनही शेजारच्याला त्रास होतो तो का, असं वाटेल. त्याचं कारण शोधलं गेलं आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असं दिसलं की दोन माणसांचं पूर्ण संभाषण कानावर पडलं तर हातातल्या कामावरचं लक्ष फारसं उडत नाही, एकाच बाजूचं पडलं तर उडतं. पुढचं वाक्य काय असेल हे मेंदू सारखं ताडत बसतो. मागच्या सीटवर दोन बायका निपाणीपर्यंत गप्पा मारतात तेव्हा डुलकी लागते, आणि फोनवरच्या एका माणसाच्या 'मग? आणि तो काय म्हणाला?'नं मोडते ती यामुळे.

प्रश्न : कॉलेजच्या गाडीत पोरं स्पीकरवर रील्स लावतात. याला काही नियम आहे की नुसता चांगुलपणा? (चिकोडी)

नियम आहे. मोठ्या आवाजात गाणी-व्हिडिओ लावण्याच्या त्रासाबद्दल कर्नाटक उच्च न्यायालयात याचिका झाली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये केएसआरटीसीनं, म्हणजे कर्नाटक राज्य परिवहन महामंडळानं, परिपत्रक काढलं. आधार कर्नाटक मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ९४ व्या नियमाचा. कंडक्टरनं आधी समज द्यायची. न ऐकल्यास प्रवाशाला उतरायला सांगता येतं, तो उतरेपर्यंत गाडी थांबवता येते आणि तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. आपल्या गाड्या वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाच्या, पण नियम राज्याचा आहे, त्यामुळे कंडक्टरला बोट ठेवायला जागा आहे.

लक्षात घ्या, ते परिपत्रक स्पीकरवर वाजवण्याबद्दल आहे. फोन कानाला लावून कुणी मोठ्यानं बोलत असेल तर त्याला त्या आधारे उतरवा म्हणणं ताणल्यासारखं होईल. मुंबईत बेस्टनं एप्रिल २०२३ मध्ये मोठ्यानं फोनवर बोलण्यालाही मनाई केली, पण ती बेस्टच्या गाड्यांपुरती. सीमेवर दोन राज्यांच्या गाड्या एकाच फलाटावर लागतात म्हणून सांगतो, तक्रार ज्या महामंडळाची गाडी त्याच्याकडेच करायची. तिकीट जपून ठेवा. गाडी कुठली, फेरी कुठली, वेळ काय हे त्यावरून काढता येतं.

पोरांना सांगताना घोळक्याला सांगू नका. ज्याच्या हातात फोन आहे त्याच्याशीच, शेजारी वाकून, इतरांना ऐकू न जाईल असं बोला. मित्रांसमोर टोकलं की आवाज वाढतो, एकट्याला सांगितलं की कमी होतो.

प्रश्न : वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे. स्पीकर लावल्याशिवाय त्यांना ऐकू येत नाही आणि गाडीत सगळी सोयरीक, जमिनीची भांडणं चव्हाट्यावर येतात. त्यांना फोन घेऊ नका कसं म्हणायचं? (अथणी)

तसं म्हणू नका. वयोमानानं आधी जातात ते उंच पट्टीतले आवाज. त्यामुळे 'स', 'श', 'च', 'फ' अशी अक्षरं पुसट होतात आणि स्वर तेवढे राहतात. ऐकू येतं पण कळत नाही, अशी ती अवस्था असते. नुसता आवाज वाढवून ती सुटत नाही. आणि मांडीवर ठेवलेल्या स्पीकरचा आवाज गाडीच्या घरघरीत मिसळून कानापर्यंत येतो, म्हणून स्पीकरनं तर आणखीच कमी कळतं. त्यांना मोठा आवाज नको आहे, जवळचा हवा आहे.

वायरवाला इयरफोन द्या. ब्लूटूथच्या भानगडीत पहिल्याच दिवशी पडू नका. जोडणं, चार्ज करणं, एक बोंड हरवणं, यात ते वैतागतात आणि परत स्पीकरवर येतात. घेताना पिनवर बघा. तीन काळ्या रेघा असतील तर माइक आहे, दोनच असतील तर फक्त ऐकायचा. पुष्कळ दुकानांत दुसरा गळ्यात मारतात आणि मग घरी 'यातून बोलता येत नाही' म्हणून पडून राहतो. फोनला गोल खाच नसेल तर टाइप-सीचा मागा. कानात खुपसायच्या बोंडापेक्षा कानावर बसणारा, गादीवाला प्रकार वयस्कांना सोसतो. मळ आत ढकलला जात नाही आणि गाडीत निसटत नाही.

एक कान अधू असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी उघडा, तिथं 'मोनो ऑडिओ' चालू करा. दोन्ही बाजूंचा आवाज चांगल्या कानात येतो.

कानामागं बसणारं श्रवणयंत्र असेल तर फोन नेहमीसारखा कानाच्या भोकावर धरायचा नाही. यंत्राचा माइक कानाच्या वर-मागं असतो, फोनचं ऐकण्याचं टोक तिथं न्यायचं आणि किंचित अंतर ठेवायचं. अगदी चिकटवलं की शिट्टी वाजते. काही यंत्रांना टेलिकॉइलची सोय असते, त्यात फोनचा आवाज आजूबाजूचा गोंगाट वगळून येतो. यंत्र जिथून घेतलं तिथं ती चालू करून मागा. आणि यंत्र नसेल तर आधी कान दाखवा. नुसता मळ साठल्यानंही इतकं होतं आणि कान-नाक-घसा विभागात तो काढायला फार वेळ लागत नाही.

उरलेलं काम फोन करणाऱ्यांचं. मुंबई-पुण्याच्या पोरांनी वडिलांना फोन लावला की पहिला प्रश्न 'गाडीत हाय काय?' असा विचारावा. होय म्हटलं तर 'उतरल्यावर करा' म्हणून ठेवावा. बोलायचंच असेल तर सावकाश आणि खालच्या पट्टीत, लहान वाक्यांत. तुम्ही पलीकडून ओरडलात तर आवाज फाटतो आणि तेही ओरडतात. जमिनीच्या गोष्टी तर फोनवर कुणाशीच गाडीत काढू नयेत, मग कान तिखट असोत की अधू.

प्रश्न : जांबोटीच्या पुढं कणकुंबी, चोर्ला करत गोव्याला जाताना नेटवर्क येतं-जातं. सगळी गाडी 'हॅलो, हॅलो' करत असते. (जांबोटी)

तिथं ओरडून काही उपयोग नाही, हे एकदा पटलं की गाडी शांत होते. मोबाइलवर आवाज सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढ्या तुकड्यांत कापून पाठवला जातो. नेटवर्क कमकुवत असलं की तुकडे हरवतात. हळू बोललेला तुकडा हरवतो तसाच ओरडून बोललेलाही हरवतो. उलट ओरडण्यानं माइकमध्येच आवाज फाटतो आणि जे पोचतं तेही कळत नाही.

त्यात घाटात सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेचा विभाग, बदलतं. बेळगावचं सिम कर्नाटक सर्कलचं, आणि टेलिकॉमच्या हिशेबात गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये. तिकडचा टॉवर धरताना चालू कॉल तुटू शकतो. शिनोळीवरून चंदगडकडे जाताना किंवा कागलजवळ होतं ते हेच. फोन परत परत लावत बसलात तर तो ताकद वाढवून टॉवर शोधतो, तापतो, बॅटरी उतरते आणि पलीकडे उतरल्यावर गरजेच्या वेळी बंद पडतो.

सांगायचं ते जांबोटी सोडण्याआधी सांगून टाका. मध्येच निरोप द्यायचा असेल तर साधा एसएमएस करा. व्हॉट्सअ‍ॅपला डेटा लागतो, एसएमएसला क्षणभर लागलेलं नेटवर्कही पुरतं.

प्रश्न : राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळूरला जाताना रात्री अकरा वाजेपर्यंत व्हिडिओ कॉल चालू असतात. कुणाला सांगायचं? (शहापूर, बेळगाव)

रेल्वेत बाजू भक्कम आहे. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वे मंडळानं सूचना काढल्या : डब्यात मोठ्यानं फोनवर बोलायचं नाही, मोठ्यानं गाणी लावायची नाहीत, रात्री दहानंतर रात्रीचा दिवा सोडून इतर दिवे बंद, घोळक्यानं गप्पा बंद. प्रवाशानं तक्रार केली तर टीटीई, डब्यातले कर्मचारी आणि आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) यांनी लक्ष घालायचं. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४५ खाली उपद्रव करणाऱ्याला गाडीतून उतरवताही येतं, पण गोष्ट तिथवर जायचं कारण नसतं.

आधी स्वतः एकदा सांगा : 'दहा वाजले, आता झोपू या का?' 'आता' म्हटलं की इतका वेळ केलं त्याबद्दल तक्रार नाही असा अर्थ होतो. नाही ऐकलं तर रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनला फोन किंवा रेल मदद अ‍ॅप. पीएनआर, डबा आणि बर्थ क्रमांक हाताशी ठेवा, त्याशिवाय तक्रार पुढं सरकत नाही. टीटीई बेळगाव सुटल्यावर तिकीट बघायला येतो तेव्हाच कानावर घालून ठेवलं तर रात्री त्याला शोधावं लागत नाही.

फोन घ्यायचाच असेल तर बर्थवरून उतरून बेसिनजवळच्या जागेत उभं राहून बोला. उघड्या दारात मात्र नको. धक्का लागतो, फोन हातातून जातो, कधी माणूसही जातो.

प्रश्न : शेजारचे काका फोनवर आधार नंबर आणि ओटीपी मोठ्यानं सांगत होते. मध्ये बोलावं का? (संकेश्वर)

इथं ताबडतोब बोलावं. वाट बघू नये, नातं जोडत बसू नये. 'काका, ओटीपी सांगू नका, फसवतात' एवढं म्हणा आणि फोन ठेवायला लावा. बँक ओटीपी विचारत नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करायला सांगा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त.

खऱ्या बँकेचा, ओळखीच्या माणसाचा फोन असला तरी आकडे गाडीत मोठ्यानं म्हणू नयेत. दागिने कुठं ठेवले, घराला कुलूप आहे, किल्ली कुणाकडं आहे, हेही लोक बिनदिक्कत सांगतात.

प्रश्न : ड्रायव्हरच फोनवर बोलत असेल तर? (खानापूर)

हा शिष्टाचाराचा विषय नाही. हातात फोन धरून गाडी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली गुन्हा आहे. दंड एक हजारापासून पाच हजारांपर्यंत, शिवाय कैदेची तरतूद. पण चालत्या गाडीत ड्रायव्हरशी वाद घालू नका, त्यानं धोका वाढतो. कंडक्टरला सांगा, गाडीचा नंबर आणि वेळ टिपून घ्या, उतरल्यावर स्टँडवरच्या कंट्रोलरकडे द्या. खासगी वडाप असेल आणि ड्रायव्हर ऐकत नसेल तर पुढच्या थांब्याला उतरा. भाडं गेलं तरी चालेल.

प्रश्न : कुणाला फोनवर वाईट बातमी कळली आणि तो माणूस गाडीतच रडायला लागला तर? (कडोली)

काही बोलू नका. आवाजाचे सगळे नियम तिथं बाजूला ठेवायचे. खिडकीची जागा द्या, पाणी द्या, कुठं उतरायचं आहे ते विचारा आणि कंडक्टरला सांगा, म्हणजे आडवाटेलाही गाडी थांबेल.

प्रश्न : मी कंडक्टर आहे. तिकीट विचारलं की प्रवासी फोन कानाला तसाच ठेवून बोटानं 'थांबा' म्हणतात. त्यांना काय सांगावं? (नाव-गाव नको)

तुम्ही सांगण्याआधी आम्हीच प्रवाशांना सांगतो. कंडक्टर दोन रांगा अलीकडे आला की पलीकडच्याला 'जरा थांब' म्हणायचं, फोन कानावरून काढायचा, गाव आणि माणसं किती ते सांगायचं. 'एक काकती', 'दोन हत्तरगी', बास. सुट्टे आधी हातात. जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत राज्यातल्या महिलांना मोफत प्रवास आहे, पण शून्य रुपयांचं असलं तरी तिकीट काढावंच लागतं. त्यासाठीही गाव सांगावं लागतं आणि ओळखपत्र दाखवावं लागतं. ते पर्सच्या तळाशी असेल आणि एक हात फोनला गुंतलेला असेल तर मागची सगळी गाडी खोळंबते. फोनच्या नादात चुकीचं गाव सांगितलं गेलं तर मशीनमधून निघालेलं तिकीट रद्द करण्याचा व्याप तुमच्यामागं लागतो. हे प्रवाशाला माहीत नसतं, तेव्हा तेवढं मात्र तुम्ही जरूर सांगा.

तुमच्या बाजूनं एकच गोष्ट : बोट दाखवणाऱ्यापाशी थांबू नका. 'परत येतो' म्हणून पुढच्या रांगेला जा. परत याल तेव्हा फोन खाली आलेला असतो.